डेटाबेस सर्व्हर: सुरू करण्यापेक्षा बंद करणे अवघड

कॅडेट, इयत्ता १० वी

प्रोग्रॅम सुरू करणे आणि बंद करणे यात शिकण्यासारखे काय आहे, असे बऱ्याच जणांना वाटते. गेम, ब्राउझर किंवा गाण्यांचा प्लेयर असेल तर ते खरेही आहे. डेटाबेस सर्व्हर मात्र वेगळ्या जातीचा प्रोग्रॅम आहे. तो पडद्यावर दिसत नाही. संगणक चालू झाला की कोणी लॉगिन करण्याआधीच तो उठतो, आणि संगणक बंद होताना अगदी शेवटी झोपतो. त्याला कसे उठवायचे आणि कसे झोपवायचे हे एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेले असते. ती फाइल चुकली तर तो अनेक महिने ठीक चालतो आणि मग एखाद्या दिवशी नोंदी सापडेनाशा होतात.

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव अशाच एका सर्व्हरवर चालते. काही वर्षांपूर्वी पास आउट झालेल्या सीनियर्सनी तो बसवला. या सत्रात तो नव्या संगणकावर हलवायचे काम संगणक क्लबच्या आम्हा तिघांकडे आले. त्या निमित्ताने जे शिकलो ते मराठी पानावर लिहीत आहे. हा अंक घरी आई-बाबाही वाचतात, म्हणून सुरुवात मुळापासून करतो.

आमचा सर्व्हर पोस्टग्रेसक्यूएल नावाचा आहे. सगळे त्याला पोस्टग्रेस म्हणतात. अमेरिकेतल्या बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली त्याचे काम सुरू केले. आजचे नाव त्याला १९९६ साली मिळाले. तो फुकट मिळतो आणि त्याचा सगळा कोड कोणालाही वाचता येतो. ग्रंथालयात काउंटरवर एक संगणक आहे आणि वाचनकक्षात दोन. तिन्हीकडून एकाच वेळी मागणी आली तरी एकच पुस्तक दोघांच्या नावावर चढू न देणे हे त्याचे काम.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही पुस्तक घेतले आणि पडद्यावर ‘नोंद झाली’ असे आले. त्या क्षणी ती नोंद नेमकी कुठे असते?

जुन्या दुकानांत दोन वह्या असत. माझ्या आजोबांच्या दुकानातही होत्या. एक रोजकीर्द आणि दुसरी खतावणी. गिऱ्हाईक समोर असताना व्यवहार रोजकीर्दीत लिहायचा, एकाखाली एक, जसा घडला तसा. दुकानात निवांतपणा आला की तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत चढवायचा. पोस्टग्रेस हेच करतो. प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये लिहून डिस्कवर पक्का करतो आणि मगच ‘झाले’ म्हणतो. ही त्याची रोजकीर्द. खरी तक्त्यांची पाने ८ किलोबाइटची असतात. ती तेव्हा मेमरीत बदललेली असतात, पण डिस्कवर जुनीच असतात. काही वेळाने तो सगळी बदललेली पाने डिस्कवर उतरवतो. याला चेकपॉइंट म्हणतात. तुम्ही काही बदलले नाही तर चेकपॉइंट दर ५ मिनिटांनी होतो.

म्हणजे चालू सर्व्हरची खतावणी जवळजवळ कधीच पूर्ण नसते. मध्येच लाइट गेली तर पुढच्या वेळी सर्व्हर उठताना शेवटच्या चेकपॉइंटपासून रोजकीर्द वाचत येतो आणि राहिलेल्या नोंदी चढवतो. यालाच रिकव्हरी म्हणतात.

हे खरे आहे का, ते आम्ही लॅबमधल्या एका जुन्या, रिकाम्या संगणकावर पाहिले. दुसऱ्या संगणकावरून एक प्रोग्रॅम त्यात ओळीने आकडे भरत होता. सर्व्हरने ‘झाले’ म्हटले की तो आकडा दुसऱ्या संगणकाच्या पडद्यावर छापत होता. मध्येच आम्ही सर्व्हरचा प्लग काढला. पुन्हा चालू केल्यावर लॉगमध्ये सर्व्हरने स्वतःच लिहिले होते की आपण नीट बंद झालो नव्हतो आणि आता रिकव्हरी चालू आहे. पडद्यावर छापलेला शेवटचा आकडा डेटाबेसमध्ये होता. पाच वेळा प्लग काढला आणि पाचही वेळा आकडा सापडला. (एक अट आहे. डिस्कने खोटे बोलता कामा नये. काही स्वस्त डिस्क नोंद स्वतःच्या कॅशमध्ये ठेवूनच ‘लिहिले’ असे सांगून मोकळ्या होतात.)

मग प्रश्न असा की प्लग काढूनही नोंदी वाचत असतील, तर नीट बंद करण्याची एवढी काळजी कशाला? याचे उत्तर ग्रंथालयाच्या जुन्या सर्व्हरवरच सापडले.

लिनक्समध्ये चालू प्रोग्रॅमला थांबण्याचा हुकूम सिग्नलने देतात. पोस्टग्रेसला थांबवणारे तीन सिग्नल आहेत आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. सिगटर्म मिळाला की तो नव्या कोणाला आत घेत नाही, पण आत असलेले स्वतःहून बाहेर पडेपर्यंत थांबतो. काउंटरवरचा प्रोग्रॅम कोणी उघडाच ठेवला असेल तर ही वाट रात्रभरही पाहावी लागेल. सिगइंट मिळाला की तो सगळ्यांची जोडणी तोडतो, अर्धवट कामे रद्द करतो, शेवटचा चेकपॉइंट करतो आणि थांबतो. सिगक्विट मिळाला की चेकपॉइंट न करताच थांबतो आणि पुढच्या वेळी रिकव्हरी करतो. पहिल्या प्रकाराला स्मार्ट म्हणतात, दुसऱ्याला फास्ट आणि तिसऱ्याला इमिजिएट. नावाने स्मार्ट असला तरी रोजच्या वापराला फास्टच बरा, असे माझे मत झाले. ते बनवणाऱ्यांचेही झाले असावे, कारण २०१६ साली आलेल्या ९.५ आवृत्तीपासून पोस्टग्रेसच्या स्वतःच्या बंद करण्याच्या आज्ञेत काही न सांगितल्यास फास्ट हाच प्रकार धरला जातो.

चौथा सिग्नल म्हणजे सिगकिल, क्रमांक ९. हा प्रोग्रॅमला ऐकूच येत नाही. लिनक्सचे कर्नल त्याला सरळ मारून टाकते.

जुन्या सर्व्हरवर सीनियर्सनी पोस्टग्रेस मूळ कोडपासून स्वतः बांधला होता आणि तो सुरू व बंद करण्याची स्क्रिप्टही हातानेच लिहिली होती. बंद करताना ती सिगटर्म देत होती, १० सेकंद थांबत होती आणि मग सिगकिल देत होती. सुरू करताना आधी पीआयडी फाइल पुसत होती. या दोन ओळी वेगवेगळ्या वाचल्या तर फारशा वाईट वाटत नाहीत. एकत्र वाचल्या की धोका कळतो.

पोस्टग्रेसची एक मुख्य प्रोसेस असते आणि प्रत्येक जोडणीसाठी ती एकेक पोर प्रोसेस जन्माला घालते. मुख्य प्रोसेसला सिगकिल दिला तर ती मरते, पण पोरे काही काळ जिवंत राहू शकतात आणि डेटाच्या फाइलींवर त्यांचा हात असतो. पीआयडी फाइल ही डेटाच्या फोल्डरमधली पहारेकऱ्याची चिठ्ठी आहे. त्यात लिहिलेले असते की या फोल्डरवर अमुक क्रमांकाची प्रोसेस ड्युटीवर आहे आणि तिची सामाईक मेमरी अमुक आहे. नवा सर्व्हर उठताना ती चिठ्ठी वाचतो. लाइट गेल्यामुळे जुनी चिठ्ठी मागे राहिली असेल तर तो स्वतःच खात्री करून घेतो की आता कोणी नाही, आणि पुढे जातो. जुनी पोरे अजून जिवंत असतील तर मात्र सुरू व्हायला नकार देतो. स्क्रिप्टने चिठ्ठीच पुसली की हा नकार देणारा कोणी उरत नाही. मग एकाच खतावणीत दोन मुनीम एकमेकांना न सांगता लिहू लागतात. प्लग काढल्यावर रोजकीर्द वाचवते, कारण तेव्हा सगळेच एकदम थांबलेले असतात. इथे ती वाचवू शकत नाही.

असे प्रत्यक्ष घडले होते का? आमच्या नोंदींत तरी तशी खूण दिसली नाही. मी त्या सीनियर्सना नावे ठेवत नाही. पीआयडी फाइल पुसण्यामागचे कारण सहज कळते. केव्हातरी लाइट गेल्यावर सर्व्हर उठला नसेल, आणि हा उपाय त्या दिवशी चालला असेल. अडचण अशी की ते गेले, स्क्रिप्ट राहिली, आणि ती ओळ का लिहिली हे सांगणारे कोणी उरले नाही. आमच्यासारख्या शाळेत दरवर्षी एक बॅच बाहेर पडते. इथे हाताने बसवलेल्या प्रत्येक गोष्टीचे हेच होते.

म्हणून नव्या संगणकावर सरांनी एकच अट घातली. जे बसवायचे ते डेबियनच्या पॅकेजमधून.

डेबियन ही लिनक्सची एक मोठी वितरण-व्यवस्था आहे. इयान मर्डॉक यांनी ती १९९३ साली सुरू केली आणि आज जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. उबंटू तिच्यातूनच निघाली. सी-डॅकने बनवलेली भारतीय बॉस लिनक्सही डेबियनवरच उभी आहे. पॅकेज म्हणजे एका गठ्ठ्यात बांधलेला तयार प्रोग्रॅम, त्याच्या सेटिंग, आणि बसवण्याआधी, बसवल्यावर, काढण्याआधी व काढल्यावर चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट. प्रत्येक पॅकेजला सांभाळणारा मेंटेनर असतो. जो संगणक तो कधी बघणार नाही, त्याच्यावर लाइट कधी जाईल, डेटा किती असेल, कोण चुकीचे बटण दाबेल, याचा विचार त्याला आधीच करावा लागतो.

त्यासाठी डेबियनचे लेखी नियम आहेत, आणि ते वाचायला मला अपेक्षेपेक्षा जास्त आवडले. एक नियम असा की चालू असलेल्या सर्व्हरला पुन्हा ‘सुरू हो’ म्हटले तर स्क्रिप्टने दुसरी प्रत उठवायची नाही, तक्रारही करायची नाही. ‘ठीक आहे’ एवढेच सांगायचे. बंद असलेल्याला ‘बंद हो’ म्हटले तरी तसेच. दुसरा नियम त्याहून बारीक आहे. पॅकेज काढून टाकले तरी सेटिंगच्या फाइली मागे राहतात, आणि जुन्या पद्धतीत सुरू करण्याची स्क्रिप्ट हीसुद्धा सेटिंगच समजली जाते. म्हणून स्क्रिप्टने सुरुवातीला मूळ प्रोग्रॅम जागेवर आहे का ते पाहावे, आणि नसेल तर गुपचूप परत जावे. नाहीतर काढून टाकलेल्या प्रोग्रॅमची ओरड प्रत्येक बूटला ऐकत बसावे लागेल.

जुनी पद्धत म्हणतो, कारण एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या डेबियन ८ पासून हे काम मुख्यतः सिस्टमडी करतो. आता लांब स्क्रिप्टऐवजी एक छोटी युनिट फाइल असते. तीत काय चालवायचे, कशाने थांबवायचे आणि किती वाट पाहायची एवढे लिहितात. ‘किती वाट पाहायची’ हाच माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

सिस्टमडी मुळात शिस्तीचा आहे. काही वेगळे सांगितले नसेल तर तो कोणत्याही सेवेला उठायला ९० सेकंद देतो आणि थांबायलाही ९० सेकंद. त्यानंतर सिगकिल. हा नियम डेटाबेसला लावून पाहा. मोठ्या सर्व्हरची लाइट गेली आणि रिकव्हरीला चार मिनिटे लागणार आहेत. दीड मिनिटाला सिस्टमडी म्हणेल की हा उठतच नाही, आणि मारेल. पुन्हा सुरू केले की रिकव्हरी पुन्हा सुरू, पुन्हा दीड मिनिट, पुन्हा मार. डेटा धड आहे, सर्व्हर धड आहे, पण सकाळपर्यंत तो उठणार नाही.

डेबियनच्या पोस्टग्रेस पॅकेजमधली युनिट फाइल आम्ही उघडून वाचली. उठण्याच्या मुदतीपुढे ० लिहिले आहे. सिस्टमडीच्या भाषेत ० म्हणजे मर्यादाच नाही. वर टीप आहे की रिकव्हरीला कितीही वेळ लागू शकतो. थांबण्याची मुदत १ तास आहे आणि थांबवण्याचा प्रकार फास्ट. मेमरी कमी पडली की कर्नल एखाद्या प्रोसेसचा बळी घेतो. त्यात मुख्य प्रोसेस निवडली जाऊ नये म्हणून तिला उणे ९०० असा आकडा दिला आहे. पडला तर आपोआप पुन्हा उठव, ही ओळ लिहून ठेवली आहे पण चालू केलेली नाही. कारणही तिथेच दिले आहे: बहुतेक अडचणींतून मुख्य प्रोसेस स्वतःच सावरते, आणि बाहेरून आपोआप उठवत राहिले तर मुद्दाम बंद केलेलाही बंद राहणार नाही. सीनियर्सच्या स्क्रिप्टमध्ये नव्हती ती गोष्ट हीच. ओळीच्या शेजारी ओळीचे कारण.

तरी सगळे आकडे आपल्याला जसेच्या तसे बसतात असे नाही. आमच्या यूपीएसची बॅटरी दहा मिनिटांच्या आसपास टिकते. तिथे एक तासाच्या मुदतीचा काय उपयोग? बॅटरीला उरलेला वेळ हीच आमची खरी मुदत. आमच्या डेटाला फास्ट पद्धतीने थांबायला काही सेकंदच लागतात, म्हणून आकडा आहे तसा ठेवला आणि बॅटरी निम्मी झाली की संगणकाने बंद व्हावे एवढे यूपीएसच्या प्रोग्रॅममध्ये लावले. तुम्हाला बदल करायचाच असेल तर पॅकेजच्या युनिट फाइलमध्ये करू नका. पुढच्या अपडेटला ती नव्याने लिहिली जाते. सिस्टमडीच्या ‘एडिट’ आज्ञेने वेगळी फाइल तयार होते आणि तेवढीच ओळ बदलते.

एक गंमत सांगतो. बसवल्यावर पोस्टग्रेसची स्थिती विचारली तर सिस्टमडी सांगतो की तो सक्रिय आहे आणि बाहेर पडला आहे. आमच्यातला एक जण हे वाचून सर्व्हर पडला म्हणून सरांकडे धावला. खरे असे की डेबियनमध्ये ‘पोस्टग्रेसक्यूएल’ नावाची सेवा म्हणजे नुसती छत्री आहे. ती काहीच करत नाही. खरे सर्व्हर तिच्याखाली आवृत्ती आणि नाव घेऊन उभे असतात. आमचा ‘१५-मेन’ आहे. त्याची स्थिती वेगळी विचारावी लागते.

छत्री का लागते? कारण एकाच संगणकावर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी चालू शकतात. १५.५ वरून १५.६ वर जाताना डेटाची मांडणी बदलत नाही. थांबवा, बदला, सुरू करा. पण १३ वरून १५ वर जाताना ती बदलते. नवा सर्व्हर जुना डेटा उघडतच नाही. डेबियन ११ मध्ये आवृत्ती १३ होती आणि २०२३ सालच्या डेबियन १२ मध्ये १५ आली. पॅकेजने जुनी काढून नवी बसवली असती तर अपडेटनंतर हजारो ठिकाणी डेटा असूनही उघडता आला नसता. म्हणून पॅकेज जुनीला हात लावत नाही. ती ५४३२ या पोर्टवर चालतच राहते आणि नवी, रिकामी, ५४३३ वर उभी राहते. डेटा कधी हलवायचा हे माणसाने ठरवायचे. पॅकेज सेटिंगसकट पूर्ण पुसा म्हटले तरी ते आधी विचारते की डेटाही पुसायचा का.

एवढी काळजी घेऊनही एक गोष्ट पोस्टग्रेसच्या पॅकेजच्या हातात नव्हती. शब्दांचा क्रम लावायला तो जीलिबसी नावाच्या मूळ लायब्ररीवर विसंबतो, आणि ऑगस्ट २०१८ मधल्या २.२८ आवृत्तीत तिने क्रमाचे नियम बदलले. इंग्रजी अंकांत लिहिलेले ११ आणि १-१ घ्या. अमेरिकन इंग्रजीच्या क्रमात आधी ११ पहिले यायचे, आता १-१ पहिले येते. इंडेक्स म्हणजे क्रमाने लावलेली सूची. सूची जुन्या क्रमाची आणि शोधणारा नव्या क्रमाने शोधतो, म्हणून पुस्तक असून सापडत नाही. ‘हा क्रमांक आधीच आहे’ हेही मग कळत नाही आणि एकाच क्रमांकाची दोन पुस्तके चढू शकतात. पोस्टग्रेसची एक ओळही बदललेली नसते. ही लायब्ररी डेबियन १० मधून, म्हणजे २०१९ साली, सगळीकडे पोहोचली. २०२२ सालच्या आवृत्ती १५ पासून सर्व्हर हा फरक ओळखून इशारा देतो. त्याआधी तो गप्पच राहायचा.

ग्रंथालयाच्या दाखल क्रमांकांत आडव्या रेघा आहेत आणि जुना संगणक डेबियन ९ वर होता. डेटाचे फोल्डर तसेच उचलून नव्यावर ठेवायचे असे आमच्या मनात होते तेही यामुळे सुटले. आवृत्ती वेगळी, क्रमही वेगळा. त्याऐवजी आवृत्ती १५ च्या डंप आज्ञेने जुन्या सर्व्हरमधून सगळ्या नोंदी मजकूर म्हणून काढल्या आणि नव्यात भरल्या. भरताना इंडेक्स नव्याने बांधले जातात, त्यामुळे क्रमाचा प्रश्न उरत नाही. मग दोन्हीकडे प्रत्येक तक्त्यातल्या ओळी मोजल्या. सगळे आकडे जुळले. जुना संगणक लॅबच्या कपाटात, फास्ट पद्धतीने बंद करून ठेवला आहे. ग्रंथालयाची वार्षिक मोजणी होईपर्यंत तो तिथेच राहील.